मुक्या जीवाचा रोजमेळ

पांजरपोळातील गुरांना चारा घालण्याची परंपरा आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अलीकडे शहरांतील आपल्या अनेक घरांत लहान, लांब केसांची कुत्रीही आली आहेत. घरात कुत्रे असावे की नसावे, याविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु जो जीव एकदा उंबरठ्याच्या आत आला, त्याच्या देहाची जबाबदारी आपल्यावर आली, याविषयी दुमत नसावे.

आमच्याकडे नातीच्या आग्रहाने शिह त्झू जातीचा मोती आला. ही जात तिबेट-चीनकडील. तिचे केस माणसाच्या केसांप्रमाणे वाढतच राहतात आणि गळतात फार थोडे. गळालेला केसही बहुधा जमिनीवर न पडता इतर केसांतच अडकतो. घर स्वच्छ राहते म्हणून आपण समाधान मानतो. गुंता मात्र आतल्या आत वाढत असतो.

गेल्या चातुर्मासात हेच घडले. मोती पावसात भिजून येई, आम्ही त्याला वरवर पुसत असू. पाठीवरून ब्रश फिरवला की तो सुंदर दिसे. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आजोबा, मोती कानाला हात लावू देत नाही." केस कापणाऱ्याकडे नेले, तेव्हा कानांमागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली घोंगडीसारखे घट्ट जट निघाले. त्याखालची कातडी लाल झाली होती. सर्व केस मुळापासून उतरवावे लागले. त्यात कानाच्या कडेला थोडी जखमही झाली. कारागिराला दोष कसा द्यावा? हिशेब आम्हीच थकवला होता. आदल्याच दिवशी आम्ही सर्व जीवांची क्षमा मागितली होती, आणि पायाशी बसलेल्या जीवाची वेदना आम्हाला ठाऊक नव्हती.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: जीवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. मोतीला आम्ही कधी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. परंतु त्याच ग्रंथातील हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला मुख्य स्थान आहे, आणि तो प्रमाद आमच्याकडून घडला होता. पाऊल टाकताना प्रत्येक जट कातडी ओढत असतो, हे आम्ही जाणले नाही.

तेव्हापासून सायंकाळच्या जेवणानंतर रोज १० मिनिटे मोतीसाठी राखून ठेवली आहेत. साहित्य थोडेच लागते: बारीक तारांचा ब्रश, विरळ व दाट दातांचा पोलादी कंगवा, गोल टोकाची कात्री आणि नखे कापण्याचे साधन. केसांचे थर एका हाताने उचलून मुळापासून टोकाकडे विंचरावे. कान, काख, मांड्यांची आतील बाजू व शेपटीचे मूळ कधी वगळू नये. गाठ सापडल्यास तिच्यावर थोडे कॉर्नफ्लॉर भुरभुरावे, मुळाशी बोटांनी धरावे, म्हणजे कातडी ताणली जात नाही, आणि टोकाकडून हळूहळू सोडवावी. गाठ थेट कात्रीने कापू नये. तिच्यात कातडी ओढली गेलेली असते. कापणे अटळच असेल, तर मध्ये कंगवा धरावा. फार घट्ट जट पशुवैद्याकडे किंवा जाणत्या कारागिराकडेच काढून घ्यावेत.

स्नान तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते, पण विंचरणे आधी आणि स्नान नंतर. गाठीला पाणी लागले की ती अधिकच आवळते. पाणी कोमट असावे, साबण कुत्र्यांसाठीचाच घ्यावा, कानांत पाणी जाऊ देऊ नये आणि केस मुळापर्यंत कोरडे करावेत. पावसाळ्यात ओल राहिली की कातडीचे व कानांचे विकार जडतात.

केस कापताना एकाने हनुवटी धरावी, दुसऱ्याने कापावे. डोळ्यांजवळ कात्रीचे टोक नाकाच्या दिशेने असावे, डोळ्याकडे कधीही नाही. तळपायाच्या गाद्यांमधील केस गाद्यांच्या बरोबरीने कापावेत, म्हणजे फरशीवर पाय घसरत नाही. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखाचे मात्र अगदी थोडे टोकच काढावे. उन्हाळा आहे म्हणून मुंडण करू नये. बोटाच्या पेराइतके केस ठेवले, तर उन्हापासून कातडीचे रक्षण होते.

आपल्या घरांतील अवघड प्रश्न गोचिडांचा. गोचीड रक्त पिते आणि जीवघेणे रोग पसरवते; परंतु तीही जीवच. एकदा त्यांचा सुळसुळाट झाला, की पशुवैद्याच्या औषधावाचून गत्यंतर राहत नाही. त्या वेळी औषध टाळून कुत्र्याला मरणाच्या दारी सोडणे, यास दया म्हणता येणार नाही. म्हणून खरा विवेक ती वेळ येऊ न देण्यात आहे. फिरून आल्यावर पायांची बोटे व कान तपासावेत, अंथरूण उन्हात घालावे, उंच गवतात नेऊ नये, आणि प्रतिबंधाविषयी पशुवैद्याचा सल्ला आधीच घ्यावा. रोजच्या कंगव्याने अनेक जीवांची हिंसा टळते.

आपण व्यापारी माणसे. रोजमेळ रोज लिहिला, तर वर्षअखेरीस डोकेदुखी होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बँकेतील नोकरीत मी तेच पाहिले: लहान थकबाकी वेळेवर वसूल झाली नाही, की तीच एक दिवस खाते बुडवते. केसांच्या गाठीचेही तसेच आहे. आज ती दोन बोटांनी सुटते. महिन्याने तिच्यासाठी रक्त सांडते.

आता नात कंगवा घेऊन बसली, की मोती आपणहून येऊन तिच्यापुढे कान झुकवतो.