सगळे पार्ट बसवले, बटण दाबलं, तरी स्क्रीन काळीच? घरी जोडलेला पीसी बूट होत नसेल तर बिघाड असा शोधतात

सहा-आठ महिने पैसे साठवायचे. युट्यूबवर पन्नास व्हिडिओ बघायचे. थोडे पार्ट ऑनलाइन मागवायचे, थोडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून आणायचे. मग एका रविवारी घरातल्या जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून पीसी जोडायला बसायचं.

चार तासांनी बटण दाबलं जातं. पंखे फिरतात, रंगीत लाइट लागतात, घरातले सगळे मॉनिटरकडे बघतात. आणि मॉनिटरवर येतं, ‘नो सिग्नल’.

मागून वडिलांचा आवाज येतो, “म्हणून म्हणत होतो, दुकानातून तयार घे.”

इथे घाबरून दोन चुका होतात. एक तर अंदाजाने एखादा महागडा पार्ट बदलायला काढला जातो, नाहीतर सगळं बोचकं बांधून दुकानात नेलं जातं आणि दुकानदार सांगेल तो बिघाड मान्य केला जातो. खरं तर नव्याने जोडलेल्या पीसीत बऱ्याचदा कुठलाच पार्ट मेलेला नसतो. एखादी वायर अर्धवट बसलेली असते, रॅम चुकीच्या खाचेत असते किंवा केबल चुकीच्या जागी असते. फक्त ते शोधायचं कसं, हे माहिती पाहिजे.

बटण दाबल्यावर आत काय घडतं?

‘बूट’ हा शब्द खरोखर पायातल्या बुटावरूनच आलाय. बुटाला मागे जो पट्टा असतो तो धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी इंग्रजीत एक म्हण आहे. कॉम्प्युटरही तेच करतो. सुरुवातीला त्याला काहीच माहिती नसतं, तो एका छोट्या प्रोग्रामच्या जोरावर स्वतःला उभं करतो.

हे टप्प्याटप्प्याने होतं. बटण दाबलं की मदरबोर्ड पॉवर सप्लायला ‘चालू हो’ असा इशारा देतो. पॉवर सप्लायचे व्होल्टेज स्थिर झाले की, साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत, तो उलटा निरोप पाठवतो की वीज ठीक आहे. मग प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा प्रोग्राम वाचायला लागतो. बायोस प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्सची हजेरी घेतो. या हजेरीला ‘पोस्ट’ म्हणतात. सगळे हजर असतील तर तो डिस्क शोधतो आणि विंडोज किंवा लिनक्सच्या हातात कारभार देतो.

ही हजेरी जुनी आहे. १९८१ मध्ये आलेला आयबीएमचा पहिला पीसीसुद्धा सुरू होताना स्वतःची तपासणी करायचा आणि सगळं ठीक असेल तर एकदा ‘बीप’ करायचा. आजच्या बऱ्याच मदरबोर्डवर बीपऐवजी चार छोटे लाइट असतात. त्यांच्या शेजारी सीपीयू, डी-रॅम, व्हीजीए आणि बूट असं लिहिलेलं असतं. ज्या टप्प्यावर गाडी अडली, तो लाइट पेटून राहतो.

म्हणजे साखळी कुठे तुटली हे कळलं की निम्मं काम झालं. त्यासाठी पीसी नेमका काय करतोय, एवढंच आधी नीट बघायचं.

पहिली शक्यता : काहीच हालचाल नाही

पंखा नाही, लाइट नाही, आवाज नाही. आधी भिंतीपासून सुरुवात करा. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येतेय का ते बघा. पॉवर सप्लायच्या मागचं छोटं बटण चालू आहे का ते बघा. हे बटण विसरणारे खूप असतात.

काही जुन्या आणि स्वस्त पॉवर सप्लायवर ११५ आणि २३० व्होल्ट असा लाल स्विच असतो. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. स्विच ११५ वर ठेवून पीसी चालू केला तर पॉवर सप्लाय जळू शकतो.

मग मदरबोर्डची २४ पिनची मोठी केबल बघा. ती चांगला जोर लावल्याशिवाय पूर्ण बसत नाही. कडेची खिटी अडकल्याचा आवाज आला पाहिजे.

हे सगळं ठीक असेल तर संशय कॅबिनेटच्या बटणावर. त्याची बारीक वायर मदरबोर्डच्या दोन पिनांवर बसते आणि ती एक पिन इकडेतिकडे झाली तरी बटण काम करत नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत या पिना कुठल्या ते दिलेलं असतं. ती वायर काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्याच दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवल्या आणि पीसी चालू झाला, तर दोष बटणाचा किंवा वायरचा. पिना मात्र पुस्तिकेत बघूनच निवडायच्या, अंदाजाने नाही.

दुसरी शक्यता : पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. एकेक कारण बघू.

१) मॉनिटरची केबल कुठे लावलीय? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावायची, मदरबोर्डला नाही. उलट कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या आय५-१२४००एफ सारख्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. एका अक्षराच्या फरकाने पैसे वाचवले जातात आणि कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळी राहते.

२) प्रोसेसरची वेगळी केबल लावलीय का? मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनची जागा असते. २४ पिनची केबल लावून झाली म्हणजे काम झालं असं वाटतं आणि ही राहून जाते. तशीच दिसणारी आठ पिनची केबल ग्राफिक्स कार्डसाठीही असते, पण तिच्यात विजेच्या तारांची मांडणी उलटी असते. त्यामुळे केबल बसत नसेल तर जबरदस्ती करू नका.

३) रॅम नीट बसलीय का? रॅम काढून पुन्हा बसवा, दोन्ही टोकांवर सारखा जोर द्या. चार खाचा आणि दोन रॅम असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. तरी चालत नसेल तर एकच रॅम दुसऱ्या खाचेत लावून बघा, मग दुसरी रॅम लावून बघा. यातून रॅम खराब आहे की खाच, ते कळतं.

४) थोडं थांबलात का? डीडीआर५ रॅम असलेले पीसी पहिल्यांदा चालू होताना रॅमचा वेग जुळवत बसतात. एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या एएम५ बोर्डांवर तर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. लोक अर्ध्या मिनिटात घाबरून बटण बंद करतात आणि जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा करून या, मग ठरवा.

५) बायोस जुना आहे का? हे कारण लवकर सापडत नाही, कारण सगळे पार्ट चांगले असतात. उदाहरण घ्या. एएमडीची रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये आली. बी४५० मदरबोर्ड त्याच्या दोन वर्षं आधीचे. दोघांचं सॉकेट एकच, प्रोसेसर अगदी व्यवस्थित बसतो. पण बोर्डातला बायोस जुना असेल तर तो या प्रोसेसरला ओळखतच नाही. २०१८ मध्येही असंच झालं होतं आणि तेव्हा अडकलेल्या ग्राहकांना बायोस अपडेट करण्यापुरता प्रोसेसर उसना देण्याची सोय एएमडीला करावी लागली होती. आता बऱ्याच बोर्डांवर मागे एक बटण असतं, ज्याने नुसत्या पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर नसतानाही बायोस अपडेट होतो. ही सोय आपल्या बोर्डावर आहे का, ते विकत घेण्याआधीच बघावं.

तिसरी शक्यता : चालू होतो, लगेच बंद होतो

एका सेकंदात बंद होत असेल तर शॉर्ट सर्किटचा संशय घ्यायचा. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डखाली छोटे पितळी खुंट असतात. ते विसरले किंवा भलत्या भोकात लावले, तर बोर्डाची मागची बाजू पत्र्याला टेकते. आत पडलेला एखादा स्क्रूही हेच करतो.

काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी बंद होत असेल तर प्रोसेसर तापतोय का बघा. कूलरच्या खालचं प्लॅस्टिक काढायचं राहिलेलं असू शकतं. कूलरच्या पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच पाहिजे.

रॅमचा वेग वाढवण्याची सेटिंग चालू केल्यावर हा प्रकार सुरू झाला असेल तर बायोस मूळ स्थितीत आणा. वीज पूर्ण तोडून बोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवला, की सेटिंग पुसल्या जातात.

चौथी शक्यता : बायोस दिसतो, विंडोज येत नाही

इथे खरं तर आनंद व्हायला हवा, कारण प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स पास झाले. आता फक्त डिस्कचा प्रश्न उरला.

डिस्क कोरी असेल तर ‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’ असा संदेश येणारच, कारण विंडोज अजून टाकलेलंच नसतं. पेन ड्राइव्हवरून ते टाकावं लागतं.

बायोसच्या यादीत डिस्कच दिसत नसेल तर ती काढून पुन्हा बसवा. एम.२ आकाराच्या डिस्क दोन प्रकारच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला सारख्या, पण प्रत्येक खाच दोन्ही प्रकार घेईलच असं नाही. काही बोर्डांवर एम.२ ची एखादी खाच वापरली की साटाची एक-दोन जागा बंद होतात. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

जुन्या पीसीतली डिस्क लावली असेल तर तिच्यावरचं विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असू शकतं आणि नवा बायोस फक्त यूईएफआय पद्धत मानत असतो. अशा वेळी नव्याने विंडोज टाकण्याची घाई करू नका. आधी ती डिस्क दुसऱ्या पीसीला लावून फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या. पार्ट नवा मिळतो, फोटो मिळत नाहीत.

तरीही जमलं नाही तर?

मग जुने मेकॅनिक करतात ते करायचं. सगळं काढायचं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. त्याला फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम, पॉवर सप्लाय आणि गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड जोडायचं. एवढ्यावर चालला तर एकेक पार्ट वाढवत जायचं. ज्याने बंद पडला, तो गुन्हेगार.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला मुख्य नियम. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी चालू झाला, तर चूक कुठली होती ते कधीच कळत नाही.

एवढ्यावरही चालला नाही, तर मित्राच्या चालत्या पीसीचा पॉवर सप्लाय त्याच्या स्वतःच्या केबलसकट लावून बघा. ‘स्वतःच्या केबलसकट’ महत्त्वाचं. केबल वेगळ्या होणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी असते. एकाची केबल दुसऱ्याला लावली तर चांगले पार्टही जळतात.

हे मात्र करू नका

पॉवर सप्लाय उघडू नका. वीज तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. कुठलाही पार्ट काढण्याआधी मागचं बटण आणि वायर दोन्ही बंद करा. पार्टला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आणि पीसीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बिघाड घराच्या अर्थिंगमध्येही असू शकतो. तिथे आधी वायरमनला बोलवा.

शेवटी एखादा पार्ट खरंच खराब निघालाच, तर काय काय तपासलं, कुठला लाइट पेटला, दुसऱ्या पीसीत तो पार्ट चालला का, हे लिहून ठेवा आणि फोटो काढा. बिल आणि खोकी जपून ठेवा. वॉरंटीसाठी गेल्यावर ‘चालत नाही हो’ म्हणणाऱ्याला आणि ‘ही रॅम दोन वेगवेगळ्या बोर्डांवर चालली नाही, दुसरी चालते’ म्हणणाऱ्याला मिळणारं उत्तर वेगळं असतं.

आणि खाच बदलल्यावर स्क्रीनवर बायोस उमटलाच, तर वडिलांना आधी हाक मारा. विंडोज नंतर टाकता येईल.