बोटावरची शाई आणि मुंबईचे ५७ टक्के

‘जुलै २०२० मध्येच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेला होता म्हणे, मग दुसरी लाट आलीच कशी?’ एका वाचकाचा हा प्रश्न.

मतदानाच्या दिवशी आपण समोरच्याचं बोट बघतो. शाई दिसली की समजायचं, जाऊन आला. प्रतिपिंडं म्हणजे रक्तातली शाई. लागण झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत उमटते. ताप आला नसला, स्वॅब दिला नसला, तरी बहुधा उमटतेच. पुढे फिकटत जाते.

महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी दहिसर, माटुंगा, चेंबूर भागांतल्या तीन वॉर्डांत ६,९३६ जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के, इमारतींत १६. मधे फक्त रस्ता! पण रस्त्याच्या एका बाजूला संडासाची रांग सामायिक, दुसऱ्या बाजूला घरात दोन-दोन बाथरूम.

पेन गळूनही बोट निळं होतं, म्हणजे लागण नसताना चाचणी पॉझिटिव्ह येते, हे मात्र विसरायचं नाही. समजा, मत न दिलेल्या शंभरांत दोघांचं पेन गळतं. हजारातल्या दहाच जणांनी मत दिलं असेल, तर तीस निळ्या बोटांपैकी वीस खोटी! ५७० जणांनी दिलं असेल, तर खोटी जेमतेम नऊ. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात ३,३३० पैकी ५० जण पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ तुटून पडले ते याच हिशेबामुळे.

ऑगस्टमध्ये त्याच वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत आकडा निघाला ४५. होऊन गेलेला आजार परत कसा जाईल? नमुन्यातली माणसं वेगळी होती, शिवाय शाई उडत होती. विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं काही महिन्यांत चाचणीच्या नजरेआड जातात.

आता प्रश्नाकडे. मथळे ५७ चे झाले, ‘हर्ड इम्युनिटी’च्या गप्पा रंगल्या. १६ कडे कोण बघतो? इमारतींतली शंभरपैकी ८४ बोटं कोरी होती. मार्च २०२१ मध्ये पालिकेच्या आकडेवारीत बहुतेक नवे रुग्ण इमारतींतलेच निघाले. (झोपडपट्टीत चाचण्याच कमी झाल्या असतील, ही शंका मी सोडलेली नाही.) त्यात विषाणूनेही रूप बदललं, आणि जुनी शाई नव्या मतदानाला कितपत चालणार?

दुपारी तीनला पक्षाचे कार्यकर्ते याद्या घेऊन धावतात ते कोऱ्या बोटांकडे. विषाणूकडे यादी नसते, पण दार त्याला बरोबर सापडतं.