मामाची मुलगी आणि ब्रॅडफर्डची बाळं

नॉर्वेने २०२४ मध्ये चुलत, मामे, मावस, आते अशा सगळ्याच भावंडांच्या लग्नांवर बंदी घातली. वर्ष संपायच्या आत ब्रिटनच्या संसदेतही तसं विधेयक आलं. तिथल्या वादात दोन्ही बाजू एकाच शहराचा दाखला देतात, तो ब्रॅडफर्डचा. इमॉन शेरिडन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ११ हजारांहून जास्त बाळांचा अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पाकिस्तानी वंशाच्या बाळांपैकी ३७ टक्क्यांचे आईवडील एकमेकांची अशी भावंडं होती. नात्यातल्या लग्नांमुळे जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे ३ टक्क्यांवरून ६ वर जातो, असं त्यात दिसलं.

बंदीवाले म्हणतात, दुप्पट! विरोधक म्हणतात, शंभरात ९४ बाळं व्यंगाविना जन्मतात. दोघंही खरं बोलतात. मात्र चौतिशी उलटलेल्या गोऱ्या ब्रिटिश मातांच्या बाळांतही धोका जवळपास तितकाच वाढतो, हे त्याच अभ्यासात आहे. त्यांच्याविरुद्ध विधेयक कुणी आणत नाही.

आपल्याकडे मामाची मुलगी चालते, आत्याची बहुतेक घरांत चालत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंड, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या, विवाहाला मनाई करून रूढीसाठी दार उघडं ठेवलंय. जनुकांना असला भेद ठाऊक नाही. मामेबहीण असो की आतेबहीण, सामाईक वाटा सरासरी एक अष्टमांश. दक्षिणेतल्या मामा-भाचीच्या लग्नात तो एक चतुर्थांश. आजी-आजोबांकडून आलेलं एकच सदोष जनुक दोघांतही लपलेलं असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत सोयरीक होत राहिली, की धोका आणखी वाढतो.

बंदीने काय होईल? नातं डॉक्टरांपासून लपवलं जाईल, एवढंच. आणि गोत्र वेगळं म्हणून निर्धास्त राहणारे आपण नाडी जुळवतो, रक्तगट विचारतो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर काहीही बिघडत नाही! विचारायचं ते वेगळंच: घराण्यात कुणी जन्मतः बहिरं होतं का, तान्ही मुलं कारण न कळता गेली का, कुणाला वारंवार रक्त चढवावं लागतं का?

नात्यात लग्न ठरत असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या, दोघांचीही थॅलेसेमियाची तपासणी करा. लग्न झालेलं असेल, तर गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना नातं सांगा, आणि बाळ झाल्यावर त्याचे कान तपासून घ्या.