बाबागाडीची गादी : जाड नको, नेमकी हवी

आपल्या वस्तीत बाबागाडी येते ती बहुतेक वेळा दुकानातून येत नाही. समोरच्या इमारतीत धुण्याभांड्याला जाणाऱ्या एखाद्या भगिनीला तिथल्या बाई म्हणतात, "आमचा मुलगा मोठा झाला, गाडी पडून आहे, घेऊन जा." किंवा भंगारवाल्याकडे ती थोड्या पैशांत मिळते. चाके बरी असतात, सांगाडा बरा असतो. पण बैठकीचे कापड विटलेले असते, फोमचा भुगा झालेला असतो आणि खालचे रेक्झिन उन्हात चटके देते. मग आई घरातली उशी किंवा चार पदरी रजई आत घालते आणि बाळाला वर बसवते. बाळाला मऊ लागावे ही तिची इच्छा. मात्र या मऊपणात धोका असतो, आणि तो आम्ही स्वतः चूक करून शिकलो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार जणींनी विहाराच्या ओट्यावर शिलाई मशीन ठेवून एका आठ महिन्यांच्या बाळासाठी गादी शिवली. जुन्या गादीतला दोन इंची फोम घेतला, वरून मखमलीचे कापड, कडेला लेस. दिसायला दुकानातल्यासारखी झाली. गाडीचे पट्टे मात्र गादीखाली दबून राहिले. "गल्लीतच तर फिरवायचे आहे, पट्टे कशाला?" असे आमच्यातच कुणी म्हणाले आणि कुणी हरकत घेतली नाही. आम्ही पंधरा वर्षे वॉर्डात काढलेली, पण आम्हीही गप्प बसलो.

चौथ्या दिवशी गाडीचे पुढचे चाक गटाराच्या फुटक्या फरशीत गेले. गादी पुढे घसरली आणि तिच्याबरोबर बाळही. आजीने वेळेवर तंगडी धरली म्हणून कपाळावर टेंगूळ येण्यावर निभावले. दवाखान्यात नेले, रात्रभर लक्ष ठेवले, बाळ सुखरूप राहिले. कपडे काढले तेव्हा पाठीवर आणि मानेवर घामोळ्या भरलेल्या दिसल्या. मखमलीने चार दिवसांत तेही केले होते. बाळाची आई भांडली नाही. एवढेच म्हणाली, "सिस्टर, तुम्ही शिवलेली गादी म्हणून मी निर्धास्त होते."

ते वाक्य आम्हाला अजून टोचते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर बाबागाडीची गादी.

बाळाचे अंग समजून घ्या

जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे पाव भाग असते. डोके जड आणि मान कच्ची. बाळ बसल्या जागी घसरले किंवा मागून जाड उशीने डोके पुढे ढकलले, की हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासनळी अरुंद आणि नरम असते, ती अशा वेळी दबते. मोठा माणूस दचकून मान वर करतो, लहान बाळाला ते जमत नाही. श्वास कोंडलेले बाळ रडून सांगत नाही, ते गप्प होते. "गाडीत टाकले की शांत झोपते" हे ऐकले की म्हणूनच आम्ही आधी हनुवटी कुठे आहे ते बघतो.

दुसरी गोष्ट घामाची. बाळाच्या घामाच्या नलिका पूर्ण तयार नसतात, लवकर बुजतात आणि घामोळ्या उठतात. मखमल, सॅटिन, रेक्झिन घाम शोषत नाहीत. फोम लघवी पिऊन घेतो आणि वाळत नाही. पावसाळ्यात आपल्या घरात दोरीवर दोन लंगोट वाळवायला जागा नसते, तिथे दोन इंची फोम कधी वाळणार? तो ओलाच राहतो, आंबूस वास येतो आणि बाळाची कातडी सोलवटते.

घडीच्या गाडीची आणखी एक गोष्ट आहे. ही हलकी दुमडती गाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ साली तयार केली. विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला हा माणूस. वजन कमी राहावे म्हणून बैठक नळ्यांमध्ये ताणलेल्या कापडाची ठेवली. गाडी जुनी झाली की त्या कापडाला झोळ पडतो आणि बाळ त्यात रुतते. झोळ फार असेल तर वर कितीही गादी घाला, उपयोग नाही. आधी ते कापड बॅगा शिवणाऱ्याकडून ताणून शिवून घ्या.

काय लागेल

आपल्या आज्या वाकळ शिवत होत्या, तेच तंत्र इथे लागते. तीन थर घ्यायचे. बाळाच्या अंगाला लागणारा वरचा थर जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा किंवा साडीचा. मधला थर जुन्या टर्किश टॉवेलचा, दोन पदरी. खालचा थर मांजरपाटाचा. एवढे पुरे. फोम नको, सुटा कापूस नको, कारण तो धुतला की गोळे होतात. प्लॅस्टिकचा कागद तर नकोच. लेस, मणी, टिकल्या, बटणे काही लावू नका. सुटलेली वस्तू बाळाच्या तोंडात जाते.

मांजरपाट कोरा असेल तर आधी गरम पाण्यात भिजवून धुवा. खळ निघते आणि कापड आटायचे ते आधीच आटते.

माप आणि शिलाई

टेपने तीन मापे घ्या: पाठीची उंची, बैठकीची खोली आणि रुंदी. आमच्या त्या गाडीची पाठ १८ इंच, बैठक ९ इंच आणि रुंदी १२ इंच होती. म्हणजे गादी २७ इंच लांब आणि १२ इंच रुंद. तुमच्या गाडीचे माप वेगळे असेल, तेच घ्या. गादी बैठकीच्या कडेला संपली पाहिजे, पुढे लोंबता कामा नये.

कापताना चारही बाजूंनी एक इंच जास्त ठेवा, कारण धावदोरा घातला की कापड आक्रसते. तीन थर एकावर एक पसरा, सुरकुत्या काढा, टाचण्या लावा. शस्त्रक्रियेच्या खोलीत आम्ही गॉजचे तुकडे मोजून देतो आणि मोजून परत घेतो. टाचण्याही तशाच मोजून लावा आणि मोजून काढा. आता दोन-दोन इंचांवर उभा धावदोरा घाला. मशीन नसेल तर हाताने घाला, वाकळीला कुठे मशीन होते? त्यानंतर नेमक्या मापाने कडा कापा आणि उरेब पट्टीने बंद करा.

पट्ट्यांची काजे

खरे काम इथे आहे. तयार गादी गाडीत ठेवा आणि पट्टे जिथून बाहेर येतात तिथे खडूने खूण करा. पाच पट्ट्यांच्या गाडीत पाच खुणा: खांद्याच्या दोन, कमरेच्या दोन, पायांमधली एक. काही गाड्यांना खांद्याचे पट्टे नसतात, तिथे तीनच होतील. कमरेचे पट्टे गादीच्या बाहेरून येत असतील तर तिथे काज नको.

काजाची लांबी पट्ट्याच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच जास्त ठेवा. आधी खुणेभोवती दोन वेळा बारीक टीप मारा आणि मगच मधोमध चीर द्या. आधी चीर दिली तर थर सरकतात आणि टॉवेलचे धागे सुटतात. चिरेच्या कडा काजटाक्याने पक्क्या करा. पट्टा बक्कलासकट सहज आत-बाहेर झाला पाहिजे. ओढून काढावा लागला, तर घाईच्या वेळी आई तो काढणारच नाही.

गादी सरकू नये म्हणून वरच्या टोकाला मागून मांजरपाटाची सहा इंच खोल खोळ शिवा. उशीला अभ्रा घालतो तशी ती गाडीच्या पाठीवर चढते. खोळ चढत नसेल तर सहा-सहा इंचांच्या नाड्या लावून पाठीमागे गाठ मारा. लांब नाडी ठेवू नका, ती बाळाच्या गळ्यात अडकू शकते.

बाळ बसवण्याआधी

गादी रिकाम्या गाडीत घालून हाताने जोरात पुढे ओढा. सरकली तर पुन्हा शिवा. गाडीचा ब्रेक लागतो का, घडीची खिट्टी पक्की बसते का, बक्कल ओढल्यावर सुटत नाही ना, हे बघा. बक्कल तुटके असेल तर दुरुस्त होईपर्यंत गाडी वापरू नका. बाळ बसवल्यावर पट्टा आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटे जावीत, जास्त नाही. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे. डोक्यामागे वेगळी उशी ठेवू नका.

बाळ सुमारे सहा महिन्यांचे होऊन मान पक्की धरेपर्यंत उभ्या पाठीच्या गाडीत बसवू नका. तोवर पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच चालेल. दिवसाआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. बाळ गाडीत झोपी गेले तर घरी आल्यावर उचलून सपाट अंथरुणावर उताणे झोपवा.

उन्हासाठी गाडीवर ओढणी किंवा साडी टाकून ती झाकू नका. आत हवा खेळत नाही आणि गाडीची भट्टी होते. सावलीने चला, छत्री धरा. दांड्याला बाजाराची पिशवी लटकवू नका, बाळ उचलताच किंवा चढावर गाडी मागे उलटते.

धुणे आणि वाळवणे

शक्य असेल तर दोन गाद्या शिवा. एक गाडीत, एक दोरीवर. ओली झाली की लगेच बदला. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवून वरून इस्त्री फिरवा. आठवड्यातून एकदा काजांचे टाके उसवले नाहीत ना, ते बघा. घामोळ्या आल्या तर गार पाण्याने अंग पुसा आणि सैल सुती कपडे घाला. पावडर थापू नका, ती बाळाच्या श्वासात जाते. पू दिसला किंवा ताप आला तर आशाताईंना कळवा, दवाखान्यात न्या.

त्या बाळाच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. माफी मागितली. ती मखमली गादी उसवली आणि आजीच्या जुन्या लुगड्यातून नवी शिवली. दिसायला साधी, बोटभर जाडीची. आईने आमच्या हातून ती घेतली, पाचही पट्टे स्वतः वर काढले, बक्कल लावले, दोन बोटे घालून बघितली आणि मगच बाळाला बसवले. आम्ही शिवली म्हणून तिने या वेळी विश्वास ठेवला नाही, स्वतः तपासून ठेवला. आम्हाला ते फार बरे वाटले.

माता-भगिनींनो, घरात बाबागाडी असेल तर हे पान वाचून झाल्यावर तिच्यापाशी जा. गादी उचला. पट्टे खाली दबलेले सापडले तर आज संध्याकाळी बाळाला गाडीत बसवण्याआधी ते वर काढा. शेजारणीच्या गाडीतलेही बघा. शिवायला येत नसेल तर रविवारी विहारात या. येताना एक जुनी सुती साडी, एक जुना टॉवेल आणि गाडी घेऊन या. मांजरपाट आणि मशीन आमच्याकडे आहे.