विहिरीच्या पाण्यातील कारखानी द्रावके : मोजणी व शुद्धी

पाणी नितळ आहे, त्यास वास नाही, एवढ्यावरून विहीर निर्दोष मानण्याची आपली जुनी रीत आहे. यंत्रांच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यास कारखान्यांत जी द्रावके वापरली जातात, त्यांच्या बाबतीत ही रीत फसवी ठरते. ट्रायक्लोरोएथिलीन हे त्यांपैकी एक प्रमुख द्रावक होय. ते कर्करोगास कारण ठरते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दोन लाखावा भाग, इतकी अल्प आहे. या हिशेबाने एक लिटर द्रावक सुमारे 29 कोटी लिटर पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते.

त्याच देशातील वोबर्न या गावी 1979 मध्ये सार्वजनिक कूपनलिकांजवळ टाकलेली पिंपे आढळली, म्हणून पाणी तपासले. एका कूपनलिकेत हे द्रावक लिटरला 267 मायक्रोग्रॅम निघाले व ती बंद करावी लागली. क्षार, नायट्रेट व जंतू यांच्या नेहमीच्या तपासणीत द्रावक दिसत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासणीची स्वतंत्र मागणी करावी लागते.

नमुना घेणे हेच खरे जोखमीचे काम, कारण हे द्रव्य हवेत उडून जाते. काचेची लहान कुपी संथ धारेने काठोकाठ भरावी, टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण लावावे व कुपी उलटी करून पाहावी. बुडबुडा दिसल्यास नमुना टाकून द्यावा. चांगला नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे न्यावा. ब्लीचिंग पावडरने किंवा तुरटीने द्रावक जात नाही, आणि पाणी उकळल्यास त्याची वाफ घरातच पसरते. म्हणून संशय येताच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते पाणी पिणे थांबवावे व प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे.

हे द्रावक पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्याने तळाशी जाते, खडकाच्या भेगांत साचते आणि वर्षानुवर्षे विरघळत राहते. साहजिकच विहीर एकदा उपसून भागत नाही. पाणी सतत उपसून त्यातून हवा खेळवावी लागते किंवा ते सक्रिय कोळशातून गाळावे लागते. कॅनडात बोर्डेन येथे 1991 मध्ये निराळा उपाय योजला गेला. भूजलाच्या वाटेत वाळू व लोखंडाचा कीस यांची पाझरती आडवी भिंत घातली. तीतून जाताना सुमारे 90 टक्के ट्रायक्लोरोएथिलीन नाहीसे झाले, आणि तेही पंपावाचून! मात्र अशा भिंतीपूर्वी प्रवाहाची दिशा निरीक्षण कूपनलिकांनी निश्चित करावी लागते. आपल्या काळ्या पाषाणाच्या वेड्यावाकड्या भेगांत ती सापडणे, हेच मोठे कठीण काम आहे.