ड्रॅग शर्यतीत पहिली कसोटी पेट्रोलच्या नळीची
नंदुरबार, प्रतिनिधी

पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर सरळ धाव. कमीत कमी वेळात हे अंतर कापणारा विजयी. ड्रॅग शर्यतीचा नियम एवढा सोपा असला, तरी धावपट्टीवर उतरण्यापूर्वी गाडीला तांत्रिक तपासणीतून जावे लागते. लोणावळ्याजवळील अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील हौशी तरुणांनाही या खेळाचे आकर्षण वाटू लागले आहे. इंजिनाची ताकद वाढविण्यावर पैसा खर्च होतो. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीकडे मात्र दुर्लक्ष होते.

नळी गळत नाही म्हणजे ती सुरक्षित आहे, असा अनेकांचा समज असतो. तपासनीस मात्र निराळाच प्रश्न विचारतो : शेजारचा भाग तुटला, तर नळीचे काय होईल? क्लच किंवा फ्लायव्हील मिनिटाला हजारो फेरे घेत असताना फुटले, तर त्याचे तुकडे पत्रा भेदून बाहेर पडतात. वाटेत नळी असल्यास दाबाखालचे पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर उडते आणि क्षणार्धात भडका उडू शकतो.

म्हणूनच १९५१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचे नियम काटेकोर आहेत. फ्लायव्हीलच्या परिसरातून जाणारी साधी नळी किमान ३.२ मिलिमीटर जाडीच्या, १६ इंच लांब पोलादी नळकांड्यात बंदिस्त असावी लागते. पोलादी जाळीची नळी याला अपवाद आहे. प्रोपेलर शाफ्टच्या बोगद्यातून नळी नेण्यास मनाई आहे. मोटारीत रबरी नळी केवळ जोडासाठी वापरता येते आणि तिची एकूण लांबी १२ इंचांपेक्षा अधिक चालत नाही. भारतात स्पर्धेच्या नियमपत्रिकेतील अटी अंतिम मानाव्यात.

गॅरेजमध्ये काम करून घेताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. नळी एक्झॉस्टपासून दूर आणि चेसिसला क्लिपांनी घट्ट बसवलेली असावी. लोंबकळणारी नळी घासून फाटते. पत्र्यातील छिद्रातून ती नेताना रबरी कडी बसवावी. नळी गाडीच्या सर्वांत खालच्या पातळीखाली येऊ देऊ नये. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र आल्याने जुन्या गाडीतील रबर त्याला टिकणारे आहे का, हेही तपासावे. नंदुरबारहून लोणावळ्यापर्यंत गाडी चालवत नेली असल्यास प्रवासातील हादऱ्यांनी जोड सैल होऊ शकतात. पोहोचल्यावर ते पुन्हा पाहावेत.

हा खेळ बंदिस्त धावपट्टीवरचाच आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा ठरतो. विसरवाडी-नवापूरच्या महामार्गावर ना तपासनीस असतो, ना अग्निशामक पथक सज्ज उभे असते.