जुन्या मोटारीस टर्बोचार्जर

पांच माणसें व त्यांचें सामान घेऊन निघालेली जुनी लहान मोटार घाटाच्या चढणीवर धापा टाकूं लागली, म्हणजे मालकाच्या मनांत एक विचार हटकून येतो: हिला टर्बोचार्जर बसवितां येईल काय? उत्तर देण्यापूर्वीं हें यंत्र करतें काय, तें पाहूं.

लोहाराचा भाता आपण पाहिलाच आहे. वारा वाढला कीं कोळसा अधिक धगधगतो. इंजिनाचेंही तसेंच. पेट्रोल जाळावयास हवा लागते. साधें इंजिन ती केवळ ओढून घेतें, टर्बोचार्जर ती दाबून भरतो. मौज अशी कीं, हा भाता चालविण्यास निराळा गडी लागत नाहीं. इंजिनांतून वायां जाणारा धूरच एक चक्र फिरवितो, व त्याच दांड्यावरील दुसरें चक्र हवा दाबतें. हीं चक्रें मिनिटास लाखाहूनही अधिक फेरे घेऊं शकतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें.

आतां मारुति ८०० चें उदाहरण घेऊं. १९८३ सालीं निघालेली ही गाडी २०१४ सालीं कारखान्यांत बनावयाची थांबली, तरी कित्येक कुटुंबांच्या दारीं अजून उभी आहे. तिच्या ७९६ घनसेंटिमीटरांच्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या इंजिनाची शक्ति सुमारें ३७ अश्वशक्ति. वातावरणाचा दाब चौरस इंचास सुमारें १४.७ पौंड, त्यांत टर्बोनें ५ पौंडांची भर घातली, तर हवा कागदावर एक तृतीयांशानें वाढते. मोह पडावा असाच हा हिशेब आहे.

परंतु त्याची खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. दाबलेली हवा तापते. तापलेलें मिश्रण ज्योत पोंचण्याआधींच भडकतें, इंजिन ठोके देऊं लागतें, आणि शेवटीं पिस्टनास भोंक पडतें. यास्तव हवेबरोबर पेट्रोल वाढवावें लागतें, ठिणगी किंचित् उशिरां द्यावी लागते, व हवा निवविण्यास इंटरकूलर जोडावा लागतो. चक्रांच्या बेअरिंगांस स्वच्छ तेल अखंड हवें. वाढलेली शक्ति क्लच व गिअर यांनीं सोसली पाहिजे. वाढलेला वेग ब्रेकांनीं आवरला पाहिजे. अमेरिकेंत १९६२ सालीं निघालेल्या ओल्ड्समोबील जेटफायर गाडींत ठोके टाळण्यासाठीं पाणी व अल्कोहोल यांचें मिश्रण इंजिनांत सोडीत. पुष्कळ मालक त्याची टाकी भरावयाचेंच विसरत. शिवाय आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करण्यास सामान्यतः मनाई करतें. अपघात झाल्यास विम्याची भरपाईही अडूं शकते.

मग करावें काय? प्रथम प्रत्येक सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा. एअर फिल्टर, प्लग व ठिणगीची वेळ तपासावी. क्लच घसरतो काय, ब्रेक चाकास धरून राहतात काय, टायरांत हवा पुरेशी आहे काय, हें पाहावें. रिंगा झिजलेल्या इंजिनास टर्बो लावणें म्हणजे फुटक्या घागरीखालीं मोठा नळ सोडणें होय. पुष्कळदां गाडीची शक्ति मुळांत कमी नसते, ती वाटेंत गळालेली असते. ती परत मिळविण्यास खर्च थोडा व धोका कांहींच नाहीं. एवढें करूनही घाट जड वाटला, तर ओझें कमी करावें, खालचा गिअर वेळीं टाकावा, अथवा अधिक शक्तीची गाडी घ्यावी. आंत बसलेल्या पांच जिवांपेक्षां चढणीवर वांचलेलीं चार मिनिटें मोलाचीं नाहींत.